भाकरीला सांगितलेलं

खरं सांगते, एकूण एक शब्द खरा हाय! सिद्धेश्वराच्या तळ्याची आण, ह्या पेटलेल्या चुलीची आण, आन् वर हुस्ना म्हणती तशी अल्लाकसम. मागं मी उजनीतल्या मगरीची गोष्ट सांगितली व्हती, आमच्या मालकांनी तिच्या तोंडात तंबाखूची चिमूट टाकली आन् ती शिंकत शिंकत जेऊर टेशनापतोर गेली म्हणून, ती सोडा. ती मगर सांगता सांगता जरा लांब झाली. ही गोष्ट मापात हाय. आन् एक आदीच सांगून टाकते, म्हंजे तुमी उगं जीव मुठीत धरून बसायला नगं. रिपोट चांगला आला. साधी गाठ निघाली. झालं, मिटली काळजी. आता निवांत ऐका.

धक्का बसला तो आवाज थांबल्याचा. आवाज झाल्यावर माणूस दचकतंय, मी आवाज थांबल्यावर दचकले. कुंभारीत आमच्या कामगार वस्तीत, माज्या घराच्या मागं पत्र्याचं शेड हाय. तितं आमी तिघी कडक भाकरी करतो, मी शिवबाई, हुस्ना आन् रत्नम्मा. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मंग चुलीच्या कडंला उभी करून पापडावानी कडक करायची, ती सोलापूरच्या दुकानात जाती. तिघींचे हात एकदम चालू झाले की असा दणका उठतोय, गल्लीतलं कुत्रं बी आमच्या सावलीला झोपायला येत न्हाय. त्या दणक्यात आमची एक रीत हाय. कुणी पाडली ठाऊक न्हाय, आमच्या आदीच्या बाया बी तसंच करायच्या. मनात काय सलत आसंल ते जिनं तिनं आपल्या भाकरीला सांगायचं, तोंडातल्या तोंडात, थापता थापता. दुसरीनं ऐकायचं न्हाय. ऐकू आलंच तर ऐकलं म्हणायचं न्हाय. हुस्ना तिच्या ट्रकवरच्या पोराचं सांगती, गौसचं. रत्नम्मा कानडीत काय सांगती देवाला ठाऊक, मधीच हसती. सांगून झालं की भाकरी तव्यावर, तव्यावरनं चुलीला, तितनं दुकानात. कुटला कुटला माणूस शेंगाच्या चटणीसंगट आमचं दुःख कडाकडा चावून खातोय आन् म्हणतोय, वा, चव लई भारी.

तर त्या दिवशी आरोही आली शेडात. माजी नात, आमची आरू. तिचे आईबाप पुण्याला, ही माज्याजवळ ऱ्हाती, सोलापुरात मनाच्या शास्त्राचं शिकती. शेवटचं वरीस हाय. हातात मोबाईल, गळ्यात ते कॉलेजचं पट्टीचं कार्ड. म्हणली, "आज्जी, ताण आला की माणसं आपल्या भावनांचं काय करतात, ते आम्ही मोजतोय. हेच प्रश्न जपानमधे विचारलेत, ब्राझीलमधे विचारलेत. आता आपल्याकडं."

"मोजायचं? कशानं गं? तागडीनं का टेपानं?"

"आकड्यानं. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी."

हुस्ना म्हणली, "ताण क्या होता गे? टेंशन बोल ना सीधा."

"बरं, टेन्शन. रत्नम्मा मावशी, टेन्शन आलं की तुम्ही रडता का?"

रत्नम्मानं तोंड उघडायच्या आत हुस्ना, "ये? ये तो ईद को मेरे घर शीरखुर्मा खाके रोई! बोली, मेरी बहू को ऐसा नै आता."

"सुम्नीरु! गप बस गं. आरू, लिव, रत्नम्मा रडत न्हाय. हुस्ना रडती. तिला पाच दे."

"मावशी, असं नसतं. ज्याचं त्यानं सांगायचं असतं. एकट्यानं."

"एकटीला कसं कळंल? मी रडताना मला दिसती व्हय? हिला दिसती."

आरू कपाळाला हात लावून हसली. मला त्या जपानच्या म्हातारीचा इचार आला. तिच्यापशी बी आशीच नात बसली आसंल, मोबाईल घेऊन. ती कुणाला सांगत आसंल? भात तर थापता येत न्हाय. तिकडं दुकानाचा माणूस टेम्पो घेऊन यायची येळ झालेली, म्हणून आमी हात चालू केले, म्हणलं तू इचार, आमी सांगतो. मी थापाय लागले, आन् सवयीनं माजं तोंड बी चालू झालं. सवय लई वाईट. तेवढ्यात आरू वरडली, "एक मिनिट, एक मिनिट! सगळ्याजणी थांबा, आवाज घुसतोय रेकॉर्डिंगमधे!" आन् सगळे हात थांबले. माजा बी थांबला. तोंड न्हाय थांबलं. त्या शांततेत मलाच माजा आवाज ऐकू आला, सपष्ट, शाळंत पोरगं धडा वाचतंय तसा: "…पर आरूला कळू द्यायचं न्हाय."

"काय कळू द्यायचं नाही, आज्जी?"

एवढंच. चुलीतलं लाकूड फुटलं. हुस्नानं मान खाली घातली, रत्नम्मा पिठाच्या डब्यात कायतरी हुडकाय लागली, त्यात पिठाबिगर काय नव्हतं. माजं बोट भाकरीच्या काठावर तसंच, आन् ती भाकरी बगता बगता वाळाय लागली, काठाला चिरा पडाय लागल्या, ज्वारीचं पीठ एकदा थांबलं की त्याची इरी जाती, चिकटपणा संपतोय. माजं काळीज काखंपतोर धडधडाय लागलं. डाव्या काखंपतोर. तितंच ती हाय. ज्वारीची काढणी चालू व्हती तवा अंगोळ करताना पयल्यांदा हाताला लागली, शेंगदाण्याएवढी, आन् तवापासनं अंगोळीत माजा हात तितनं वळसा घालून जातोय, एखाद्या भांडलेल्या माणसाच्या दारावरनं जावं तसा. साबण बी तितं लावत न्हाय मी. वाटतंय, आपण हात न्हाय लावला तर तिला कळायचं न्हाय की आपल्याला कळलंय. दिवसभर काम करताना इसरते म्हणावं तर इसरत बी न्हाय. आठवत बी न्हाय. नुसती ती आसती, घरात पावणी येऊन बसावी आन् उठायचं नाव घेऊ न्हाय तशी. कुणी हसलं की ती ऐकती. मी जेवले की ती जेवती.

माजी आई बजाबाई, माढ्याची. तिला बी व्हती. मी तवा परकरातली पोरगी. आईच्या चोळीच्या आत कायतरी वर आलेलं दिसायचं, मी बोट लावून इचारलं, "हे काय गं आई?" आई म्हणली, "चिमणीनं अंडं घातलंय. कुणाला बोलू नगंस, न्हायतर उडून जाईल." मी कुणाला बोलले न्हाय. रोज सकाळी तिच्या कुशीत कान लावून ऐकायची, अंड्यातनं टकटक येतंय का. एकदा आलं बी, खरंच आलं, आता वाटतंय तिच्याच छातीचा ठोका आसंल. आई लई हसायची माज्यावर. हसताना दात दाबून धरायची. मंग तिला खाटंवरनं उठवंना, घरात कापूर जाळायचे वास लपवाय, बाया यायच्या, तोंडाला पदर लावून बसायच्या, आन् मला कुणी काय सांगंना. मला काय गरज नव्हती, मला म्हाईत व्हतं. आई गेली त्या दिवशी समदे रडत व्हते आन् मी एकटी पत्र्याकडं बगत व्हते, चिमणी कुटनं बाहेर पडती ते. लई दिवस बगत व्हते. रडायचं ऱ्हाऊनच गेलं. त्याला कितीवा आकडा द्यायचा? मला आईचा राग कधी आला न्हाय. उलटं, माणसाला मरायच्या भ्यातनं सुदिक चिमणी काढता येती, हे मी तिच्याकडनं शिकले. त्याच्यावर तर माजं समदं आयुष्य काढलं. मालक गेले तवा पोरांना मगरी दिल्या. दुष्काळात घरात काय नसलं की भुताच्या जेवणाची गोष्ट दिली. पोरं हसत झोपायची.

पण आरू काय परकरातली पोरगी न्हाय. ती समोर उभी, मोबाईल चालूच, त्यातला तांबडा ठिपका लुकलुकतोय. तिला सांगितलं तर ती पयला फोन बापाला लावणार. बाप म्हणणार, आईला पुण्याला आणा, आन् आरूनं तिच्याजवळ बसावं, परीक्षा काय पुढच्या वर्षी बी देता यील. माजी सून रेश्मा वाईट न्हाय, पण तिची नोकरी हाय. सगळं फिरून ह्या पोरीच्या मानंवर येणार. हे मी मनाला सांगत व्हते. खरं हाय ते. पण त्याच्या तळाला आणिक एक खरं व्हतं, त्याच्याकडं मी बगत नव्हते, वळसा घालत व्हते, अंगोळीत घालते तसा.

"काय न्हाय गं," मी म्हणलं, "तुला स्थळ आलंय."

"काय?"

"जेऊरचं. पोरगा हाय बाबा देखणा. सयाजी नाव. उसाची शेती, टेशनाच्या समोर घर. गाडी आली की चहा घ्यायला डायवर खाली उतरतोय त्याच्याकडं, गाडी तंवर थांबती."

हुस्नानं माज्याकडं बगितलं. तिला समजलं व्हतं, रत्नम्माला बी. समदं. काढणीपासनंचं समदं ऐकलं व्हतं दोघींनी, रीतीपरमाणं न ऐकलेलं. रत्नम्मानं तर वर भर घातली, "हौदु, हौदु. पोरगा उंच हाय."

आरू भडकली. "मला न विचारता? बाबांनी सांगितलं तुला? मला शिकायचंय आज्जी!" पाय आपटत घरात गेली. आन् मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गोष्ट लागली की अंगात कसं ऊन आल्यावानी व्हतं. मंग ते ऊन गेलं. खोट्या माणसाला बी जेवाय घालावं लागतंय. दुसऱ्या दिवशी आरू इचारती, किती शिकलाय? मी म्हणलं, शेतीचं कॉलेज. तिसऱ्या बारीला म्हणती, फोटो दाखव. मी म्हणलं, फोटोत त्याचे डोळे मिटल्यात, दुसरा मागितलाय. पोरीचं अभ्यासात ध्यान लागंना. जिचं वरीस वाचवाय खोटं बोलले तिचंच वरीस मी नासवाय लागले. ताटावर बसली की घास फिरवत बसायची. मला वाटायचं सांगावं. तोंड उघडलं की सयाजी बाहेर यायचा. त्याला आता एक घोडी बी झाली व्हती.

एका सकाळी शेडात आमी थापाय बसलो, आन् हुस्नानं रीत मोडली. म्हंजे मोडली म्हणावं तर न्हाय. तिनं भाकरीलाच सांगितलं, पण असं मोठ्यांदा की दणक्याच्या वर यावं. "सुन गे भाकरी. मेरी एक सहेली है. अक्कल की कच्ची. मगर के मुँह में हाथ डालती, डाकटर के पास जाने को डरती. वो नै गई तो मैं उसके घर बैठके रोऊँगी, रोज, खाना खाने के टैम को." मी तिच्याकडं बगितलं. ती खाली बगून थापतीया. आता मला काय म्हणता येतंय? ऐकलंच न्हाय मी. रत्नम्मानं तिच्या भाकरीला सांगितलं, ह्या बारीला मराठीत, मला कळावं म्हणून, "माज्या भैनीचं येळंत काढलं. आता नाचती लग्नात. लई वंगाळ नाचती." माजं पीठ हाताला चिकटाय लागलं. कोरडं लावलं तरी चिकटतंय. घाम व्हता त्यो.

आन् मंग दारात सावली पडली. आरू. तिनं कॉलेजचं कार्ड काढून खुंटीला अडकवलं, ओढणी कमरंला खोचली, आन् रत्नम्माला म्हणली, "मावशी, सरा जरा." रत्नम्मा सरली. आरूला भाकरी येत न्हाय. कधीच आली न्हाय. तिची भाकरी म्हंजे कर्नाटकाचा नकाशा. ती माज्या समोरच्या काटवटीम्होरं बसली, गोळा घेतला, आन् थापाय लागली, थप, थप, मधी पीठ फाटतंय, ती जोडती, परत थप. तिला हळू बोलायची रीत म्हाईत न्हाय. ती नेहमीच्याच आवाजात बोलाय लागली, खाली बगून, भाकरीला.

"मी बाबांना फोन केला. कुठलं स्थळ नाही. सयाजी पण नाही."

मी हात थांबवला न्हाय.

"माझी आज्जी आंघोळ करून आली की पदर डाव्या बाजूला घट्ट धरून बसते. मी बघितलंय. बाबांना सांगितलेलं नाही. मला तिच्याकडूनच ऐकायचंय. आणि मला लई भीती वाटतीय." तिच्या भाकरीला मधीच भगदाड पडलं. तिनं ते बोटानं बुजवलं.

हुस्ना आन् रत्नम्मा आसं थापाय लागल्या की पत्रा थरथराय लागला. दोघी वरडल्याबिगर वरडत व्हत्या, आमी ऐकत न्हाय, आमी ऐकत न्हाय. मी माज्या भाकरीकडं बगितलं. गोल, पातळ, काठ सरळ. आयुष्यभर हितं सगळं सांगितलं, कदी जड गेलं न्हाय, आन् आता समोर तीच भाकरी, तोच हात, आन् जीभ टाळूला.

"डाव्या अंगाला," मी भाकरीला म्हणलं. "काखंच्या खाली."

"कधीपासून?" आरूनं तिच्या भाकरीला इचारलं.

"ज्वारी काढत व्हते तवापासनं."

"दुखतंय?"

"न्हाय. दुखत न्हाय म्हणून तर." थप. थप. "माज्या आईला बी दुखत नव्हतं म्हणायची." थप. आन् त्याच्या तळाचं, ज्याला वळसा घालत व्हते ते वर आलं, मी आणलं न्हाय, ते आपआपलं आलं. "मला भ्या वाटतंय. पोरीच्या परीक्षेचं न्हाय. माजंच. मला मरायचं न्हाय इतक्यात."

आरूनं हात पसरून माजं मनगट धरलं. पिठाचे हात दोघींचे. माजी भाकरी तशीच ऱ्हायली, वाळली, चिरली. त्या दिवशी त्या दोन भाकरी दुकानात गेल्या न्हाईत. आमी चौघींनी खाल्ल्या, आरूची तर कच्ची व्हती. हुस्ना म्हणली, "ऐसी भाकरी खाके तो मैं भी डाकटर के पास जाऊँगी." आन् रत्नम्मा रडली. आरू, लिव म्हणलं, पाच.

दवाखान्यात आरू माज्या शेजारी बसली, पुस्तक उघडून. बापाला तिनंच फोन केला, पण माज्यासमोर, आन् सांगितलं, मी हितंच ऱ्हाणार, परीक्षा देणार, आज्जी बी हितंच. माजा ल्योक आदी वरडला, मंग म्हणला, आज्जीला दे. मी फोन घेतला. त्याला मगरीची आठवण झाली म्हणला. डाक्टरीण बाईनं सुई घातली तवा मी तिला मगर सांगाय लागले. ती हसली. म्हणली, "आज्जी, हलू नका हो, मला हसवू नका." तुकडा काढून तपासाय पाठवला. येताना बसमधी मी आरूला म्हणलं, तुज्या प्रश्नात एक प्रश्न कमी हाय. टेन्शन आलं की तुमी गोष्ट रचता का? ती म्हणली, "असा प्रश्न कुठल्याच देशात नाहीये आज्जी." मी म्हणलं, मंग त्या जपानच्या म्हातारीनं तुमाला काय खरं सांगितलं न्हाय.

बरं. एवढं ऐकलंत, आता सांगते. वर शपथा घेतल्या त्या सगळ्या खऱ्या, पण एक गोष्ट रचली मी. मगर न्हाय, मगर तर मी कबूलच केली. रिपोट. रिपोट अजून आला न्हाय. आज मिळणार म्हणाले, आरू गेलीय आणाय, हुस्नाच्या गौसची फटफटी घेऊन. तिनं फोन करते म्हणलं, मी म्हणलं फोन नगं, तोंडानं सांग. सकाळपासनं थापतीया. तुमाला सुरवातीलाच चांगला आला म्हणून सांगितलं ते तुमी निवांत बसावं म्हणून न्हाय. कुणालातरी एकदा सांगून बगायचं व्हतं, ऐकायला कसं लागतंय ते. लई ग्वाड लागलं.

गाडी वाजली. गल्लीच्या तोंडाला हाय. हुस्नानं हात थांबवला, रत्नम्मानं बी. माजाच चालू हाय. ह्या दणक्यात ती काय म्हणली तर मला ऐकू यायचं न्हाय.

थांबवते.